वैजयंतीच्या पोटातली गाठ

१२ नोव्हेंबर २०२४, मेडशी

मालेगावचे डॉक्टर म्हणाले, बाईंना कधी दुखतं, काय खाल्ल्यावर दुखतं, ते रोज लिहून ठेवा. बाईंना म्हणजे माझ्या बायकोला, वैजयंतीला. तिला लिहायला सांगितलं तर म्हणाली, "मले कुठी फुरसत हाये? तुमीच लिहा. दुकानात बसल्या बसल्या तुमाले काय काम असते?" कृषी केंद्र चालवणाऱ्या माणसाला काय काम असतं हे तिला या जन्मी कळणार नाही. पण डायरी माझ्याकडे आहे हे खरं. खताच्या कंपनीवाले दरवर्षी देतात, गिऱ्हाइकांना वाटून एखादी उरते. वर्ष सरत आलं तरी ही कोरीच होती.

तर लिहितो. उजव्या बरगडीखाली दुखतं. दसऱ्यापासून. जड जड वाटतं म्हणते, आणि मध्येच कळ आली की वाकून भिंत धरते. सोयाबीन सोंगताना मजुरांबरोबर वाकली म्हणून असेल, असं आईचं म्हणणं. वायगोळा असेल, असं वैजयंतीचं. मी म्हणालो, तुम्ही सासू-सुना अंदाज करत बसा, मी हिला मालेगावला घेऊन जातो. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि वाशिमहून सोनोग्राफी करून आणायला सांगितली.

दुकानात आज गर्दी होती. तुरीवर अळी आली आहे. लोक फांदी तोडून आणतात, काउंटरवर टाकतात आणि म्हणतात, औषध दे. मी आधी विचारतो, याच्या अगोदर काय मारलं? हा माझा पहिला प्रश्न, बाबांनी शिकवलेला. ते कळल्याशिवाय मी बाटलीला हात लावत नाही. निम्मे लोक खोटं सांगतात, कारण दुसऱ्या दुकानातून आणलेलं असतं. मला तोंडाकडे पाहूनच कळतं.

१४ नोव्हेंबर

वाशिमला जाऊन आलो. सोनोग्राफीवाले डॉक्टर ते यंत्र पोटावरून फिरवता फिरवता एका जागी थांबले. मग पुन्हा तिथंच आले. मग म्हणाले, "बाई, तुम्ही बाहेर बसा. तुम्ही थांबा." दुसरं वाक्य मला. चांगली बातमी असली की दोघांना बसवून सांगतात, एवढं मला कळतं.

लिव्हरच्या उजव्या बाजूला गाठ आहे. मोसंबीएवढी. कसली, ते सोनोग्राफीत कळत नाही म्हणाले. साधीही असू शकते, वाईटही असू शकते. अकोल्याला जाऊन रंगाचं इंजेक्शन देऊन सीटी स्कॅन करा.

बाहेर आलो. वैजयंतीनं विचारलं, "काय म्हनते?"

"सूज हाये."

"कायले?"

"लिव्हरले. अकोल्याले एक फोटो काढा लागते."

ती बरं म्हणाली आणि बसमध्ये खिडकीशी बसून राहिली. तिचा स्वभाव चांगला आहे, खोदून खोदून विचारत नाही.

१६ नोव्हेंबर

आई सकाळपासून नजर उतरवते आहे. मीठ, मोहरी, मिरच्या, सगळं झालं. तिचं एकच पालुपद चाललंय की माझ्या सुनेला कोणाची तरी नजर लागली म्हणूनच घरात नातू येत नाही आणि आता हे दुखणं. आमच्या दोन मुली. मोठी निकिता सहावीत, धाकटी दुसरीत. धाकटीनंतर पाळणा हलला नाही. आईनं उपास केले, नवस बोलली, वैजयंतीला घेऊन कुठं कुठं जाऊन आली. वैजयंती बिचारी सांगेल तिथं गेली, सांगेल ते केलं.

तब्येतीची हेळसांड तिनं कधी केली नाही, हे मी लिहून ठेवतो, डॉक्टरांनी विचारलं तर उपयोगी पडेल. आमच्या गल्लीतल्या आशाताई, म्हणजे आशा सेविका निताताई, तिला रक्तवाढीच्या गोळ्या देतात. धाकटीच्या बाळंतपणापासून. संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावला की एक गोळी, चुकवायची नाही. इतकी नेमाची बाई मी पाहिली नाही. मी एकदा चिडवलं होतं, एवढ्या गोळ्या खाऊन रक्त कुठं वाढलं? तर नुसती हसली होती.

१९ नोव्हेंबर, अकोला

उद्या मतदान. प्रचाराच्या गाड्या गप्प झाल्यात, रस्ता मोकळा मिळाला.

सीटी स्कॅन झालं. मशीनवरच्या माणसाला मी विचारत बसलो, कारण नुसतं बसवत नव्हतं. त्यानं नीट समजावून सांगितलं. हाताच्या शिरेतून रंगाचं औषध सोडतात आणि मग थोड्या थोड्या वेळानं फोटो काढतात. रंग कुठं आधी पोचतो आणि कुठून आधी ओसरतो, ते पाहायचं. म्हणजे आपण पाटाचं पाणी सोडून बांधावर उभे राहतो आणि कोणता वाफा आधी भरतो, कोणता आधी आटतो ते बघतो, तसंच. कर्करोगाची गाठ आधी भरते आणि आधी आटते, असं तो म्हणाला. हा शब्द पहिल्यांदा कोणीतरी माझ्यासमोर उच्चारला. तो सहज बोलून गेला, त्याचा रोजचाच शब्द.

वैजयंती बाहेर आली. "आंगात गरम गरम वाटलं," म्हणाली. "मले वाटलं लघवीच झाली." आणि लाजून हसली. मीही हसलो. उद्या सुट्टी, रिपोर्ट परवा.

२१ नोव्हेंबर, अकोला

रिपोर्ट आला. डॉक्टरांनी आधी दोघांना बसवून प्रश्न विचारले. विचारत होते माझ्याकडे बघून.

दारू? मी म्हणालो, डॉक्टर, बाई आहे. कधी कावीळ? नाही. घरात कोणाला लिव्हरचा आजार? नाही. कुठल्या गोळ्या चालू आहेत? मी म्हणालो, रक्तवाढीच्या, आशाताईकडच्या. संततिनियमनाच्या? मला हसूच आलं. म्हटलं, डॉक्टर, उलट आहे, मूल व्हावं म्हणून आमच्या आईनं सगळे देव पालथे घातले. डॉक्टरही हसले, तिथली नर्सही हसली. वैजयंती मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. असल्या विषयाची बायकांना लाज वाटते, म्हणून मीच झटपट उत्तर देऊन टाकलं.

मग तिला बाहेर पाठवलं. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावली. ही गाठ बघा, रंग टाकल्याबरोबर उजळली. आणि बाकीचं लिव्हर उजळेपर्यंत हिच्यातला रंग उतरायला लागला. मला काही सांगावं लागलं नाही. भरली आधी, आटली आधी. "कर्करोगाचा संशय जास्त आहे," डॉक्टर म्हणाले. "नागपूरला जा. वेळ घालवू नका."

परतीच्या बसमध्ये तिनं विचारलं, सूज कमी आहे का? मी हो म्हणालो.

२२ नोव्हेंबर

दुकान उघडलं नाही. गोदामात खताच्या पोत्यांवर बसून आहे.

ती चौतीस वर्षांची आहे. तंबाखू नाही, मिस्री नाही, चहासुद्धा अर्धा कप. मग काहून? कोणाला विचारायचं? मी आयुष्यभर विष विकलं. तिला कॅन्सर काहून? मला व्हायला पाहिजे होता. घरात ती माझे फवारणीचे कपडे धुते, त्यातून तर नाही ना गेलं? मी तिला मारलं का?

तिला काही माहीत नाही, एवढंच बरं आहे. आईबाबांनाही सूजच सांगितलं आहे. रिपोर्टचा फोटो फक्त माझ्या मोबाईलमध्ये आहे. मी एकटा हे घेऊन फिरतो आहे आणि मला ते झेपत नाही.

२४ नोव्हेंबर

रविवार. किन्हीराजाहून माझा चुलतभाऊ ऋषिकेश भेटायला आला. त्याला कोणीतरी सांगितलं वहिनी आजारी आहे म्हणून.

त्याचं घर मागच्या वर्षीपासून विस्कटलेलं आहे. त्याच्या बायकोनं दोन मुली झाल्यावर माहेरी जाऊन मूल न होण्याचं ऑपरेशन करून घेतलं, याला न विचारता. यानं तिला माहेरीच ठेवली, मुली इकडे ठेवून घेतल्या. तेव्हा घरच्या बैठकीत मीही बोललो होतो. आज पुन्हा तोच विषय निघाला. "वर्स झालं, येऊ देऊ का तिले?" असं तो विचारत होता. मी म्हणालो, "तू केलं ते बरोबरच केलं. दोन पोरी झाल्या म्हनून नवऱ्याले न विचारता? हे तं फसवनं झालं." माझं डोकं आधीच तापलेलं होतं, त्यात आवाज जरा मोठा झाला. वैजयंती चहा घेऊन आली होती. बशीत सांडला. तिचे हात आता थकतात. मी उठून कप घेतला.

२९ नोव्हेंबर, नागपूर

मोठं हॉस्पिटल. नाव लिहीत नाही, इथं नावानं काही होत नाही. आधी एका शिकाऊ डॉक्टरनं तेच सगळे प्रश्न विचारले, गोळ्यांचाही. मी तीच उत्तरं दिली, आता तोंडपाठ आहेत. मग सर्जन आले. रक्ताचा रिपोर्ट पाहिला. कावीळ ब नाही, क नाही. कर्करोगात जी खूण रक्तात वाढते ती वाढलेली नाही. माझा जीव भांड्यात पडला, तर म्हणाले, न वाढताही असतो. लिव्हरचा उजवा भाग काढावा लागेल. उरलेलं वाढतं म्हणे पुन्हा. मोठं ऑपरेशन आहे, टेबलावर काहीही होऊ शकतं, ते सगळं सांगितलं. १२ डिसेंबर, गुरुवार. त्याआधी सोमवारी एकदा एमआरआय, खास लिव्हरच्या औषधाचं.

तिला सांगितलं, सूज काढून टाकणार. तिनं विचारलं, "मंग किती दिवस राहा लागते दवाखान्यात? पोरीयचं काय?" मी म्हणालो, आई आहे. ती म्हणाली, "हो. आत्याबाई हायेतच."

३ डिसेंबर

आज निकितावर ओरडलो. शाळेतून येऊन अभ्यास सोडून भाकरी थापत होती. वैजयंती बाजूला पाटावर बसून शिकवत होती, कडा जाड ठेवू नको, तवा तापला का बघ. अकरा वर्षांची पोर, तिची भाकरी तव्यावर फाटली तर ती रडायलाच लागली. भाकरीसाठी कोण असं रडतं? मी म्हणालो, ही काय घाई आहे, सासरी चालली का ती? वैजयंती म्हणाली, "येऊ द्या ना तिले. कामी पडते."

कपाटही आवरून ठेवलंय तिनं. धाकटीचे थंडीचे कपडे वरच्या फळीवर, पुढच्या वर्षी येतील असे त्याच्या मागे. दिवाळीची नवी साडी बहिणीला देऊन टाकली, अंगावर नीट बसत नाही म्हणे. ऑपरेशनच्या आधी माणसाला आवराआवर सुचते. बरंच आहे, मन गुंतून राहतं. तिला खरं कळलं असतं तर हातपाय गाळून बसली असती.

५ डिसेंबर

मदनसिंग तांड्यावरचा जुना गिऱ्हाईक. सकाळी तुरीच्या अळीचं औषध घेऊन गेला आणि दुपारी परत आला. बाटली काउंटरवर ठेवली. "पवनभाऊ, हे तं तननाशक हाये. माही तूर जाळतं का?"

मी बाटली पाहिली. माझ्या हातानं मी त्याला हे दिलं होतं. त्यानं फवारलं असतं तर त्याचं वर्ष गेलं असतं. मी माफी मागायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागलो, भर दुकानात. मदनसिंगनं शटर अर्धं खाली ओढलं, मला स्टुलावर बसवलं, माठातलं पाणी दिलं. काय झालं ते मी सांगितलं. घरच्यांना नाही सांगितलं ते त्याला सांगितलं.

त्यानं पेला माठावर उपडा ठेवला आणि म्हणाला, "वहिनीले मालूम हाये का?"

"नाई."

"तिच्या पोटात हाये अन् तिलेच मालूम नाई?"

मी म्हणालो, तिला सहन होणार नाही. तो मान हलवत निघून गेला. त्याला आमच्या घरची काय कल्पना.

९ डिसेंबर, नागपूर

हे हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितो आहे.

एमआरआयला खूप वेळ लागला. मग फोटो वाचणाऱ्या डॉक्टर मॅडम स्वतः बाहेर आल्या. लहानखुऱ्या, तिशीच्या असतील, पायात पळायचे बूट. त्यांनी मला आत नेऊन स्क्रीनवर दाखवलं. म्हणाल्या, "हे बाकीचं लिव्हर बघा. इतकं निरोगी आहे. अशा लिव्हरमध्ये कर्करोग सहसा उगाच उगवत नाही, मागे काहीतरी कारण असतं. इथं मला कारण सापडत नाही."

मग सांगितलं की हे औषध निरोगी लिव्हर धरून ठेवतं, ही गाठ धरत नाही. गाठीत चरबी आहे. असं दोन गोष्टींत दिसतं. एक म्हणजे सुरुवातीचा कर्करोग. दुसरी एक साधी गाठ, बायकांना होते, बहुतेक वेळा वर्षानुवर्षं संततिनियमनाच्या गोळ्या घेतल्यानं. दोन्ही फोटोत जवळजवळ सारख्या दिसतात. "माझ्या मशीनचं काम इथं संपतं," म्हणाल्या. "आता पेशंटला विचारावं लागेल."

मी म्हणालो, मॅडम, दोन ठिकाणी सांगून झालं, तसल्या गोळ्या नाहीत.

"कोणी सांगितलं?"

"मी."

"मग मी त्यांना विचारते. तुम्ही बाहेर थांबा."

मला राग आला. मी म्हणालो, माझ्यापासून लपवण्यासारखं आमच्यात काही नाही, माझ्यासमोर विचारा. त्या म्हणाल्या, "पेशंट तुम्ही नाही." आणि दार लावून घेतलं.

मी दारासमोर उभा राहिलो. शिपाई दोनदा म्हणाला, बसा. आतून काही ऐकू येत नव्हतं. एवढं काय बोलतात? हो की नाही, एवढंच तर सांगायचं आहे.

दार उघडलं. वैजयंती बाहेर आली, माझ्याकडे न बघता पुढे जाऊन बाकावर बसली. मॅडमनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, त्यांनी परवानगी दिली म्हणून सांगते. सात वर्षं. रोज.

मला पहिल्यांदा अर्थच लागला नाही. मी विचारलं, काय सात वर्षं?

मग त्या सावकाश बोलल्या, मी सगळं ऐकलं, जसं आठवतं तसं लिहितो. फोटो तोच आहे, पण आता तो वेगळा वाचता येतो. कर्करोग नाहीच, असं त्या लिहून देणार नाहीत. पण बहुधा ही गोळ्यांनी वाढलेली साधी गाठ. सर्जनशी त्या माझ्यासमोर फोनवर बोलल्या. गुरुवारचं ऑपरेशन थांबवलं. गोळ्या आजपासून बंद. सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय. गाठ लहान झाली तर अंदाज बरोबर, तशीच राहिली किंवा वाढली तर काढायची. अचानक जोरात कळ आली तर थेट हॉस्पिटल, कारण अशी गाठ आतल्या आत फुटू शकते. आणि दिवस राहू द्यायचे नाहीत. गरोदरपणात ती वाढते. "हे तुमच्यासाठी," म्हणाल्या. "त्यांना गोळ्या घेता येणार नाहीत. काळजी तुम्ही घ्यायची."

मी आनंदानं उड्या मारायला हव्या होत्या. देवाला हात जोडायला हवे होते. मी सात वर्षं, सात वर्षं असं करत तिथं बसलो होतो. आता बाहेर जाऊन तिच्याशी बोलायचं आहे.

१० डिसेंबर, मेडशी

काल बसस्टँडवर झालेलं बोलणं लिहून काढतो. नाही लिहिलं तर मी स्वतःला सोयीचं तेवढंच लक्षात ठेवीन.

गाडीला अवकाश होता. मी म्हणालो, "सात वर्सं? मायच्या डोळ्यादेखत, माह्या डोळ्यादेखत? अन् सांगाचं रक्तवाढीच्या?"

ती म्हणाली, "त्या पाकिटात शेवटच्या सात गोळ्या रक्तवाढीच्याच असतात. सप्पाच खोटं नोतं."

मला त्या वेळी तिला मारावंसं वाटलं. लिहितो, कारण वाटलं. मी विचारलं, "काहून केलं असं?"

"धाकटीच्या वक्ती मी मरता मरता वाचली. तुमी रक्तासाठी अकोलाभर फिरले होते. घरी आली तं आत्याबाईनं पह्यलं काय म्हनलं, जाऊ दे, पुढच्या वक्ती पोरगा होईन. तुमी बाजूले उभे होते. काई बोलले नाई. दुसऱ्या दिवशी मी निताताईकडं गेली."

मी उभा होतो का? मला आठवत नाही. असेन.

"मंग मले सांगाचं होतं."

"ऋषीभाऊच्या बायकोचं काय झालं? तुमी सोता म्हनलं, बरोबर केलं म्हनून. एक डाव नाई, दोन डाव."

मी म्हणालो, "ते वेगळं. इथं जीवावर आलं होतं. अकोल्याच्या डॉक्टरनं विचारलं तवा काहून नाई बोलली?"

"तुमी नाई म्हनून मोकळे झाले होते. सारे हसले. त्याच्यावर मी काय बोलू? चार मानसात तुमाले खोटं पाडू?"

"अन् नागपूरले?"

"तिथंबी तुमीच बोलले. तवा मले समजलं का ह्या गोळ्यायचं काहीतरी हाये, सारेच डॉक्टर तेच विचारून राह्यले." तिनं पिशवी जवळ ओढली. "कॅन्सर हाये हे मले अकोल्याचा रिपोर्ट आला त्याच आठवड्यात मालूम झालं. तुमी सूज सूज करत होते. निकितानं तुमच्या मोबाईलमधी वाचलं. तिनं गूगल केलं अन् मले येऊन सांगतलं."

माझी अकरा वर्षांची मुलगी. ती तव्यापुढे बसून रडत होती आणि मी तिच्यावर ओरडलो होतो.

मी म्हणालो, "तुले मालूम होतं का मरून राह्यली. एक शब्द बोलली असती तं वाचत होती. तरी नाई बोलली. पागल झाली होती का तू?"

ती रडली नाही. हिशोब सांगावा तशी सांगत होती. "मेली असती तं लेकी तुमच्यापाशी राह्यल्या असत्या. सांगतलं असतं तं तुमी मले माहेरी धाडलं असतं, अन् लेकी तरीबी तुमच्यापाशीच राह्यल्या असत्या. दोन्हीकून माह्या लेकी मले भेटत नोत्या. मंग मेलेलंच बरं. निदान तुही माय वाईट होती, असं त्यायले कोनी म्हनलं नसतं."

गाडी लागली. ती पिशवी उचलून चढली. मी तिच्या शेजारी बसलो. मी तिला माहेरी पाठवलं असतं का? नाही, असं म्हणावंसं वाटतं. पण खात्रीनं म्हणता येत नाही. तिनं मला तेरा वर्षं जवळून पाहिलंय, आणि तिला वाटलं की हा पाठवेल. तिला जे वाटलं त्यावर ती मरायला तयार झाली.

११ डिसेंबर

सकाळी आई ओट्यावर बसली होती, बाबा पेपर वाचत होते. ऑपरेशन टळलं, बहुतेक साधी गाठ आहे, एवढंच काल सांगितलं होतं. आईनं रात्रीच पेढ्यांचं ठरवलं होतं. म्हणाली, "देवानं ऐकलं. आता सुनेच्या आंगात ताकद आली का पुढच्या सालात नातू. यंदा तं मी सोडतच नाई देवाले."

मी म्हणालो, "माय, डॉक्टरनं मना केलं. आता पोट्टं नाई."

"काहून? कोन हाये तो डॉक्टर मना करनारा?"

वैजयंती मेथी निवडत होती. तिनं जुडी खाली ठेवली. "आत्याबाई," ती म्हणाली, "मी..."

मी मध्येच बोललो. "गोळ्या मी देत होतो तिले. पोट्टं नाई व्हावं म्हनून. सात वर्सं. मीच आनत होतो, मीच देत होतो. तिले काई मालूम नोतं. त्याच्यानंच गाठ झाली."

आई माझ्याकडे पाहत राहिली. मग हात टेकून उठली आणि घरात निघून गेली. बाबांनी पेपर गुडघ्यावर ठेवला.

आतून हलकं वाटत होतं. आयुष्यात एक तरी काम मी धड केलं, असं वाटलं. मी वैजयंतीकडे पाहिलं. ती माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होती, तशी नजर मी परवा बसस्टँडवरही पाहिली नव्हती.

"मी बोलत होती ना," ती म्हणाली.

"अवं, मायनं तुले जगू दिलं नसतं. मी माह्यावर घेतलं."

"हो. पन बोलत मी होती." तिनं पदराला हात पुसले. "गोळ्या मी घेतल्या. गाठ माह्या पोटात हाये. ते तरी मले सांगू द्या."

ती उठून आत गेली. स्वयंपाकघराचं दार लोटल्याचा आवाज आला. मी तिच्या मागे जायला उठलो तर बाबा म्हणाले, "बस तिथंच."

आत आईचा आवाज चढला, रडण्याचाही आला. मग थांबला. मग वैजयंतीचा आवाज ऐकू येऊ लागला, हळू, पण न थांबता. शब्द कळत नव्हते. निकिता दप्तर पाठीवर घेऊन दारात आली होती, ती तिथंच उभी राहून ऐकत होती. बाबांनी पेपर पुन्हा उचलला, वाचत मात्र नव्हते. मी खाली बसलो आणि राहिलेली मेथी निवडू लागलो.